कामठीच्या फोटोत न मावलेली सहा माणसं

मिरजेहून नागपूरला जाणारी गाडी निम्मा महाराष्ट्र दाखवते, पण त्यातलं मी काही सांगणार नाही. वरच्या बर्थवरच्या गृहस्थांचं घोरणं आणि माझे गुडघे, एवढाच माझा तो प्रवास. सांगायचे आहेत ते पुढचे चार दिवस, नागपूरजवळच्या कामठीचे. मी पाहुणी म्हणून गेले, माझे लाडही झाले, आणि तरी परतताना मान वर करून बोलायची सोय राहिली नव्हती.

जिच्याकडे गेले ती विमल कोण, ते आधी सांगते. तिचे यजमान रेल्वेत होते, आणि मिरजेला बदली होऊन आले तेव्हा चार वर्षं आमच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहायचे. आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक रंगवलेला पडदा आणि एक काळोखी मोरी. यजमान फोटो काढायचे, मी रोल धुवायचे, प्रिंट काढायचे, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांचे डाग, वण, देवीचे खड्डे झाकायचे. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. हात काळे करत करत शिकले. विमल दुपारी येऊन बसायची आणि बघता बघता तीही शिकली, पण फोटो काढायलाच, कारण मोरीतल्या औषधांचा वास तिला सहन व्हायचा नाही. जाताना आमच्याकडचा जुना मोठा कॅमेरा ती घेऊन गेली. लोखंडी पेटीसारखा जड, वरून मान घालून बघायचा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा.

तिच्या सासरी दसऱ्याच्या सकाळी सगळ्या घराचा एक फोटो निघतो. छप्पन साली तिच्या सासूबाई लहान मुलगी होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षेचा सोहळा पाहिला, आणि दसरा म्हणजे त्यांच्या घरी त्या दिवसाची आठवण. सगळे पांढरे कपडे घालतात, वंदना होते, मग त्याच खोलीत, त्याच भिंतीसमोर फोटो, आणि मग दीक्षाभूमीला. विमल नागपूरला परतल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षं, तो फोटो विमलच काढायची. रोल टपालानं मिरजेला यायचा, मी धुवायचे, प्रिंट काढून दिवाळीआधी परत पाठवायचे. पांढरे कपडे निगेटिव्हवर काळे दिसतात, त्यामुळे ही सगळी माणसं मी दरवर्षी आधी काळ्या कपड्यांतच पाहिली. कोण पोरगं नेमकं डोळे मिटतं, कुणाचं पोट सुटलं, मला न भेटता ठाऊक होतं. फक्त विमल कधी दिसली नाही. त्या कॅमेऱ्याला टायमर नव्हता. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तर दसऱ्याच्या इतक्या फोटोंत दोघं शेजारी उभे आहेत असा एकही नाही.

म्हणून यंदा ठरलं होतं की बटण मी दाबायचं आणि विमलनं फोटोत उभं राहायचं. मी त्यासाठी निघाले होते.

कामठी, दसऱ्याच्या दोन दिवस आधी

स्टेशनवर विमलचा मुलगा प्रशिक आला होता. मिहानमध्ये, नागपूरच्या कंपन्यांच्या वसाहतीत, कॉम्प्युटरचं काम करतो, माणूस मोठा गोड. आधी त्यानं मला पोह्याच्या टपरीवर नेलं. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाला म्हणाला, "काहून रडून राहिल्या मावशी? अजून तं प्लेट बाकी आहे."

घर पहिल्या मजल्यावर, खाली पॉवरलूम. दिवसभर खटखट चालू असते आणि वरची फरशी पायाखाली बारीक थरथरते. विमल म्हणाली, दसऱ्याला माग बंद असतात, म्हणून तर फोटो हलत नाही. तीस वर्षं मी ते फोटो किती स्वच्छ येतात म्हणून तिच्या हाताचं कौतुक करत होते, त्यात मागवाल्याच्या सुट्टीचाही वाटा होता हे मला तिथे गेल्यावर कळलं.

विमलच्या सासूबाई, भागामाय, कॉटवर होत्या. वर्षापूर्वी पडून खुबा मोडला, तेव्हापासून जिना उतरलेल्या नाहीत. मला जवळ बोलावून त्यांनी माझा हात धरला, उलटापालटा करून पाहिला.

"तूच का वं आमाले दरसाली धुणारी?"

"होय, मीच."

"मंग माही चामडी काहून गोरी नाही झाली आजवर?"

सगळे हसले. मी आणलेलं भडंग त्यांना चावेना, तर तर्रीत भिजवून खाल्लं, आणि म्हणाल्या, मिरजेचे लोक दगडं खातात.

चहा झाल्यावर प्रशिकनं नवा कॅमेरा काढला. आता माझ्या सल्ल्याचं सांगते. सहा महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला होता. जुन्या कॅमेऱ्याला आता रोल मिळत नाहीत, डिजिटल घेऊ म्हणतो, मीडियम फॉरमॅटचा एक जुना मिळतोय, तुम्ही काय म्हणता? मी म्हटलं, डोळे झाकून घे. मीडियम फॉरमॅट म्हणजे आपलंच माप, बारा फोटोंच्या रोलचं. भिंग ठेव, नुसती जुनी बॉडी काढून टाक, मधे एक कडं बसवलं की भिंग नव्यावर चालेल आणि फोटो होता तसाच येईल. एवढं मी छातीठोक सांगितलं. आमच्या पिढीत माप रोलवरून ठरायचं. रोलची रुंदी सहा सेंटिमीटर, कडेच्या पट्ट्या जाऊन चित्र साडेपाचाच्या जरा वर, आणि रोल पुण्यात घ्या की पाटण्यात, तेवढाच असायचा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून पुन्हा पट्टी लावायची सवयच आम्हाला नव्हती.

खोलीच्या फरशीवर तेलरंगाचे तीन ठिपके आहेत, तिथे स्टँडचे तीन पाय. मागे लगेच भिंत, पाठ टेकते इतकी जवळ. मी स्टँड लावला, भिंग चढवलं, पडद्यावर पाहिलं. समोरच्या भिंतीवर डावीकडे खिडकी, उजवीकडे घड्याळ. जुन्या प्रत्येक फोटोत दोन्ही दिसतात. आता खिडकीही नव्हती, घड्याळही नव्हतं. वरचा छताजवळचा भाग गेला, खालची फरशी गेली. मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं. भिंग काढलं, पुन्हा बसवलं. तेच.

मग मी एक जुनी निगेटिव्ह मागवली. भिंग उतरवून आतला, रोलच्या जागी बसवलेला तो चकचकीत तुकडा पाहिला आणि निगेटिव्ह त्याच्यासमोर, न लागेल अशी, धरली. उशीवर पलंगपोस टाकावा तशी ती चारी बाजूंनी बाहेर आली. पट्टीनं मापलं. आतला तुकडा आडवा चव्वेचाळीस मिलिमीटर, उभा तेहतीस. आमची निगेटिव्ह दोन्हीकडे छप्पन. क्षेत्रफळ काढलं तर निम्म्याहूनही कमी.

"पण मावशी, डब्यावर तर मीडियम फॉरमॅट लिहिलंय," प्रशिक म्हणाला आणि त्यानं जाहिरातीचं पान फोनवर दाखवलं. खोटं काहीच नव्हतं. 'फुल फ्रेमच्या १.७ पट मोठा', असं होतं. हिशोब करून पाहिला, बरोबर होता. फक्त आपण कुणाहून लहान आहोत, ते त्या पानावर नव्हतं.

"घरचे चोवीस लोक आहेत," विमल म्हणाली. "याच्यात कितीक बसतीन ताई?"

मी पडद्याकडे बघत मनात माणसं बसवली. "अठरा," म्हटलं. "दाटीवाटीनं."

ती उठली. कप गोळा करून आत गेली.

सीताबर्डी, आणि तिथून वाडी

दुसऱ्या दिवशी प्रशिकला कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही दोघी शेअर ऑटोनं निघालो. मागच्या बाकावर चौघी आणि एका बाईच्या मांडीवर फुलकोबीचं पोतं. ऑक्टोबरचं ऊन असं की आमच्याकडचा मे बरा. विमलनं मला डोक्यावर ओढणी गुंडाळायला लावली. ती म्हणाली, नागपुरात कोणी तुमाले ओळखत नाही, लाजू नका.

सीताबर्डीच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, रुंद दिसणारं भिंग या कॅमेऱ्याला एका दिवसासाठी भाड्यानं हवं. ते म्हणाले, याचं तसलं भिंग शहरात एकाकडे आहे, ते लग्नाच्या कामाला बाहेरगावी गेलंय. मुंबईहून मागवलं तर आठवडा.

मग मी विचारलंच. "हे मीडियम फॉरमॅट नाव लावलं कुणी याला?"

"कंपनीनं, अजून कोण लावणार. याच्याहून मोठा चोपन्न बाय चाळीसचा पण येते, मावशी. त्याचं पण नाव हेच."

"आणि आमच्या रोलचं?"

"त्याचं पण हेच." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आता फुल फ्रेम घ्या. छत्तीस बाय चोवीस. तुमच्या जमान्यात त्याले काय म्हणत होते?"

"छोटी फिल्म. लग्नाला आलेले हौशी पाहुणे घेऊन फिरायचे. आमचे यजमान तिला हातही लावायचे नाहीत."

"पाहा. तुमची छोटी, आता तीच फुल. अन् हे पाहा," त्यांनी कपाटातून खिशात मावणारा एक कॅमेरा काढला, "याच्यावर लिहिलंय एक इंच. आतमध्ये इंच कुठेच नाही. तेरा मिलिमीटर, साडेआठ-नऊ मिलिमीटर. पहिले टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी राहत होती, तिची बाहेरची जाडी इंचभर. नळी गेली, इंच राहिला."

"मग गिऱ्हाइकाला तुम्ही सांगता का हे?"

"विचारलं तर सांगतो. कोणी विचारत नाही."

माणूस सरळ होता. आम्हाला उसाचा रस पाजला. मला त्याच्यावर रागावताच येईना, आणि रागवायला दुसरं कुणी समोर नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातात पट्टी, तिनं फोनवर पट्टी लावायची राहून गेली.

विमलला मग एक सुचलं. जुनी बॉडी तिनं वाडीच्या एका माणसाला दिली होती, जुन्या वस्तू घेतो तो. एक दिवसासाठी मागून आणू. भिंग आपल्याकडे आहेच. आणि माझ्या पिशवीत एक रोल होता. फ्रिजमधला शेवटचा, टाकवेना म्हणून विमलला नुसता दाखवायला आणलेला. त्या दुपारी मला तो रोल म्हणजे मोठं धन वाटलं. बसमध्ये आम्ही दोघी पोरींसारख्या बोलत होतो. विमल म्हणाली, "मी कुठी उभी राहू ताई? खिडकीपाशी का घड्याळापाशी?" मी म्हटलं, खिडकीपाशी, उजेड तोंडावर येईल.

वाडीला अमरावती रोडवर गोदामांच्या रांगा आणि ट्रकच ट्रक. एका गोदामाच्या कोपऱ्यात त्या माणसाचा पसारा होता. शिलाई मशीनची पायटी, रेडिओ, पितळी घंगाळी, सगळं हॉटेलांत शोभेला जातं म्हणे. त्यानं विमलला ओळखलं, खुर्च्या पुसून दिल्या.

"कॅमेरा? आहे ना मावशी, जाऊन नाही राहिला कुठी. थांबा, आणतो."

आमचा जीव भांड्यात पडला. तो घेऊन आला. बॉडीच्या तळाला भोक पाडून लोखंडी दांडी बसवली होती, पाठीमागून काळी वायर निघाली होती, आणि भिंगाच्या जागी बल्ब होता. त्यानं आमच्यासमोर प्लग लावला.

"पाहा, काय मस्त उजेड पडते," तो म्हणाला. खरोखर मन लावून केलं होतं त्यानं. कडा पॉलिश केल्या होत्या.

मी मागचं झाकण उघडून पाहिलं. आतला पडदा काढून टाकलेला, दोन्ही चाकं काढलेली. रोल लावायला जागाच नव्हती. विमलनं बॉडीच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं. तिथे तिचा अंगठा टेकून टेकून रंग गेला होता, तेवढा भाग त्यानं पॉलिश केला नव्हता.

"तुमाले परत पायजे होता का?" त्यानं विचारलं. त्याचा चेहरा पडला. "मंग सांगाचं ना बाप्पा, मी तसाच ठेवला असता."

"नाही," विमल म्हणाली, "ह्या आमच्या ताई मिरजेहून आल्या, तं त्याहीले दाखवाले आणलं. छान झाला लॅम्प."

दसरा

सकाळी मागांची खटखट नव्हती. घर पांढरं झालं होतं, मुली, सुना, जावई, नातवंडं. आमच्याकडे या दिवशी झेंडूची तोरणं, आपट्याची पानं, अवजारांची पूजा. स्टुडिओत मी कॅमेऱ्याला कुंकू लावायचे. इथे मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, एकमेकांना जयभीम केला. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून बसले. भागामाय सगळ्यांच्या आधी म्हणत होत्या आणि कुणी मागे पडलं की थांबून त्याच्याकडे बघत होत्या.

खोलीबाहेर गल्लीत काढावा म्हटलं तर त्या खाली उतरू शकत नव्हत्या. मोबाइलनं काढू का, असं धाकटे जावई म्हणाले. पण प्रशिकचा चेहरा पाहून कुणी ते पुढे नेलं नाही. त्यानं हौसेनं घेतलेला कॅमेरा, तोही माझ्या शब्दावर. तो म्हणाला, दोनदा काढू. आधी अठरा, मग सहा जण बदलून पुन्हा. सगळे येतील.

"मले अर्धंअर्धं नाही पायजे," भागामाय म्हणाल्या.

"माय, दोनच मिनिटं लागतात."

"तुया बापाच्या टायमाले एकात होत होतं."

"त्या टायमाले आपण कमी होतो ना माय," एक सून म्हणाली, आणि हशात ते निघून गेलं.

पहिल्या फोटोतून बाहेर कोण थांबणार, हे कुणी ठरवलं नाही. पाच सुना-मुली आपोआप बाजूला झाल्या आणि सहावी विमल. मी म्हटलं, "विमल, तू आत उभी राहा, तुझ्यासाठी मी आलेय." ती म्हणाली, "दुसऱ्यात राहीन न ताई. माह्याशिवाय याहीले उभं कोण करन?" तिनं जावयांना वाकवलं, पोट्ट्यांना पुढे बसवलं, भागामायना चार उशा लावून मधे बसवलं. मग पाहिलं तर खिडकीचा उजेड एका बाजूनं येत होता, म्हातारीचा अर्धा चेहरा काळोखात. विमलनं कॉटवरची पांढरी चादर ओढली आणि चौकटीबाहेर उभी राहून ताणून धरली, उजेड परतावा म्हणून. हे तिला मीच शिकवलं होतं, मिरजेत.

मी बटण दाबलं. चार फोटो काढले. कुणी डोळे मिटले, पुन्हा दोन. प्रशिकनं मोठं करून पाहिलं, एकाचा चेहरा जरा पुसट वाटला, पुन्हा दोन.

"आता बदला," मी म्हटलं आणि तेवढ्यात भागामाय एका बाजूला कलल्या. फार काही नाही, कंबरेत कळ आली, घाम फुटला. दोघांनी उचलून कॉटवर नेलं. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, आज पुन्हा बसवू नका. तासाभरात त्या शांत झोपल्या. मग दीक्षाभूमीला जाणारे निघाले, गल्लीतून निळे झेंडे घेतलेले लोक चालले होते, आणि दुसरा फोटो निघाला नाही.

संध्याकाळी विमल सरबत पाजत होती, तेव्हा भागामायनी तिला विचारलं, "तू आली का वं फोटोत?"

"आली ना माय," विमल म्हणाली.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी विमल माझ्या डब्यासाठी पाटवड्या थापत होती. मी शेजारी पाटावर बसले आणि तीन दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, रोल मिळत नाहीत हे खरं, पण शोधले असते तर कुणाकडून तरी वर्षाला एक मिळाला असता. खरं म्हणजे मला धुवायचा कंटाळा आला होता. औषधांनी धाप लागते, दोन वर्षं झाली, डॉक्टर नको म्हणतात. तुला कसं सांगू, तुझा वर्षाचा एकच रोल, म्हणून सांगितलं नाही. प्रशिकचा फोन आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. माप बघायचं सुचलं नाही असं मी सगळ्यांना सांगते आहे. मला बघायचंच नव्हतं.

 वडीवर खसखस टाकायची राहिली होती, ती विमलनं टाकली, बोटांनी हलके दाबली.

"धाप लागते तं काहून नाही सांगतलं ताई?" ती म्हणाली. "मी शिकली असती न धुवाले. वासाचं काय, नाकाले फडकं बांधलं असतं."

 तिनं वड्या कापल्या, रस्सा वेगळ्या डब्यात भरला, सांडेल म्हणून वर रबर लावलं, आणि स्टेशनवर प्रशिकला सांगत राहिली की ताईले खालचाच बर्थ मिळाला का ते पाय.

मिरजेला आले त्याला आता तीन आठवडे झाले. प्रशिकनं फोटो पाठवला आहे. खोटं कशाला बोलू, आमच्या रोलनं असा फोटो कधी दिला नव्हता. भागामायच्या लुगड्याचा धागा न् धागा मोजता येतो. अठरा माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे. पाठवताना त्यानं खाली लिहिलं होतं, मावशी, डाव्या कडेला चादर धरलेली आईची चार बोटं आली आहेत, तुम्ही म्हणाल तर कापून टाकतो.

मी लगेच फोन लावला आणि त्याला नको म्हटलं.